मोरोपंत : अक्षरबंध आणि नामजप

मोरोपंतांचे चरित्र सांगताना आर्याभारत आणि केकावली यांवर भर द्यावा आणि अष्टोत्तरशत रामायणांचा उल्लेख एका वाक्यात उरकावा, अशी आपल्या वाङ्मयेतिहासांची प्रथा आहे. पदव्युत्तर वर्गाच्या टिपणवह्यांतही त्या रामायणांविषयी शब्दांची कसरत एवढाच शेरा उतरतो. प्रस्तुत लेखकानेही तो अनेक वर्षे फळ्यावर लिहिला आहे. आता तो पुन्हा तपासून पाहावासा वाटतो.

मोरेश्वर रामचंद्र पराडकर यांचा जन्म १७२९ साली पन्हाळगडावर झाला. घराणे कऱ्हाडे ब्राह्मणांचे, मूळचे कोकणातील. पन्हाळ्यावरच केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये या बंधूंजवळ त्यांचे काव्य, व्याकरण, अलंकार यांचे अध्ययन झाले. आपल्या विषयाच्या दृष्टीने चरित्रातील सर्वांत महत्त्वाची घटना हीच. संस्कृत महाकाव्याच्या शिक्षणात भारवीच्या किरातार्जुनीयाचा पंधरावा सर्ग आणि माघाच्या शिशुपालवधाचा एकोणिसावा सर्ग टाळता येत नाहीत, आणि हे दोन्ही सर्ग चित्रबंधांची आगरेच आहेत. अशा काव्याला मम्मटाने अधम ठरविले, हेही त्याच शिक्षणात विद्यार्थ्याच्या कानी पडते. पंतांनी पुढे जे केले ते हा निर्णय ठाऊक असताना केले, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

तरुणपणीच ते बारामतीस आले आणि बाबूजी नाईकांच्या पदरी पुराणिक म्हणून राहिले. नाईक हे सावकार आणि पेशव्यांचे आप्त. कऱ्हेकाठच्या या गावी पंतांची सुमारे चार दशके गेली. मधली काशीयात्रा सोडली तर बाह्य घडामोडी थोड्याच. सकाळी लेखन, नंतर पुराण, पुन्हा लेखन अशा जीवनक्रमात चरित्रकाराच्या हाती फारसे काही लागत नाही. लागते ते लिहिलेले : १७ हजारांहून अधिक आर्यांचे भारत, भागवतावरील रचना, हरिवंश, आणि ती रामायणे.

रामायणे १०८ का, याचे उत्तर जपमाळेत आहे. माळेचे मणी १०८, प्रत्येक मण्याला एक कथा. ही संख्या लक्षात घेतली की वैचित्र्याचे कारणही कळते. तीच कथा शंभरावर वेळा सांगावयाची तर प्रत्येक वेळी नवा नियम हवा, नाहीतर लेखणी सवयीने चालू लागते. जप करणाऱ्याला हा धोका चांगला परिचित असतो.

या नियमांपैकी सर्वांत कठोर नियम निरोष्ठ रामायणाचा. यात ओष्ठ्य वर्ण वर्ज्य. या प्रकाराचा प्रसिद्ध पूर्वज दंडीच्या दशकुमारचरितात सापडतो. तेथे मंत्रगुप्ताचे ओठ प्रियेने दंश केल्यामुळे दुखावलेले असल्याने तो प फ ब भ म न उच्चारता आपली हकीकत सांगतो. दंडीला कथेतच कारण मिळाले आणि त्याचे चातुर्य शृंगारात शोभून गेले. पंतांपुढील पेच वेगळा होता. राम या नावातच म आहे. म्हणजे ज्याची कथा सांगावयाची त्याचे नावच घेता येत नाही! लक्ष्मण, भरत, हनुमान हेही गेले. उ, ओ आणि व यांनाही ओठ लागतात, हे मानून कसोटी कडक लावली तर कौसल्या, सुमित्रा, रावण आणि अयोध्याही गेली. उरतात दाशरथी, सीता, दशानन, लंका आणि, गंमत म्हणजे, कैकेयी. वर्गात विद्यार्थ्यांना ओठांवर बोट ठेवून ही नावे उच्चारायला सांगितली की हा प्रकार व्याख्येपेक्षा लवकर कळतो.

याच्या अगदी उलट टोकाला मंत्ररामायण आहे. तेथे त्रयोदशाक्षरी राममंत्र एकेका अक्षराने रचनेत गुंफला आहे. ओळींच्या ठरावीक अक्षरांतून नाव किंवा वाक्य वाचता यावे, हा प्रकार जगातील अनेक भाषांत आढळतो. आपल्याकडे त्याला वाल्मीकिरामायणाविषयीच्या परंपरेचा आधार आहे : २४ हजार श्लोकांत दर हजाराच्या आरंभी गायत्रीचे एकेक अक्षर येते, अशी ती समजूत. पंतांच्या मंत्रात अक्षरे १३, पण वेगळी केवळ ५. श्री एकदा; रा, म, ज, य प्रत्येकी तीनदा. त्यामुळे कवीला त्याच त्या अक्षरांकडे परत यावे लागते, आणि हे परत येणे म्हणजेच जप. विदर्भातील अभ्यासकाला महानुभावांच्या सकळ लिपीची येथे आठवण होईल. परंतु त्या लिपीत अक्षर बदलते ते अर्थ परक्यापासून राखण्यासाठी. मंत्ररामायणात परक्यापासून लपविण्यासारखे काहीच नाही, कारण तो मंत्र गावातल्या प्रत्येकाच्या तोंडी होता. वाचकाने उकलावे असे कोडे येथे नाहीच. नियमाचा भार वाहतो तो लिहिणारा.

दामरामायणात पुढच्या चरणाचा आरंभ मागच्या चरणाच्या अखेरच्या अक्षरांनी होतो. भेंड्यांची ओळख असलेल्याला त्याची मौज सांगावी लागत नाही. यांतील कित्येक रामायणे आज वाचताना कंटाळा येतो, अन्वय ओढाताणीचा होतो, हेही मान्य केले पाहिजे. वामनपंडितांना यमक्या म्हणणाऱ्या परंपरेने पंतांना कमी बोल लावले, ते आर्येच्या प्रसादामुळे.

पंतांची आर्या महाराष्ट्रभर पोहोचली ती कीर्तनातून, आणि त्यात शाहीर राम जोशी यांचा वाटा मोठा. पण कीर्तनात श्रोत्याला यमक ऐकू येते, गुंफलेला मंत्र येत नाही. पुढे नवनीतामुळे (१८५४) पंत शाळेत गेले आणि निबंधमालेत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी त्यांची बाजू घेतली. वादाचा विषय मात्र बहुधा आर्या आणि आख्याने हाच राहिला. १०८ रामायणांतील सगळी आज हाती नाहीत.

उतारवयात पंतांनी पृथ्वी वृत्तात केकावली लिहिली. मोर म्हणजे मयूर, त्याची आर्त हाक म्हणजे केका. स्वतःच्या नावावरच हा श्लेष उभा आहे. येथे अक्षरांचे बंधन नाही, तरी आळवणी तीच. १५ एप्रिल १७९४ रोजी, चैत्र पौर्णिमेस, बारामतीस त्यांचे देहावसान झाले. मयूर ही त्यांची नाममुद्रा. तीही म पासून सुरू होते, म्हणजे निरोष्ठाच्या नियमात तिलाही जागा नाही.