रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप

धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्यानें लळिंगच्या किल्ल्याकडे जातांना डोंगराच्या अंगावर काळ्या कातळाच्या पायऱ्या एकावर एक चढत गेलेल्या दिसतात. पांझरेच्या पात्रांत तोच दगड आहे आणि आपल्या घरांच्या जोत्यांतहि तोच आहे. फार प्राचीन काळीं भूगर्भांतून वर आलेला वितळलेला रस थिजून हा दगड झाला. घाटांत रस्त्यासाठीं डोंगर कापलेला असतो, तेथें कधीं कधीं या दगडाच्या दोन थरांमध्यें तांबड्या मातीचा एक पट्टा आढळतो. खालचा थर निवाला, ऊनपावसानें झिजला, त्याची माती झाली आणि मग तिच्यावर पुन्हा नवा रस पसरला, असें तो पट्टा सांगतो.

विद्यार्थिबंधूंनो आणि भगिनींनो, आपल्यासारख्या शाळेंत एका तासाला पवित्र शास्त्राच्या उत्पत्तीच्या पुस्तकांतील सहा दिवसांची कथा वाचली जाते आणि दुसऱ्या तासाला सजीवांच्या उत्क्रांतीचा धडा शिकविला जातो. दोन्ही तास एकाच मस्तकांत उतरतात आणि विचारी मुलाच्या मनांत प्रश्न उभा राहतो. हाच प्रश्न सुमारें पावणेदोनशें वर्षांपूर्वीं आपल्या मराठी मुलखांत एका पाद्र्याच्या हातीं दगडाच्या रूपानें आला. त्यानें तो दगड फेकून दिला नाहीं आणि आपला विश्वासहि टाकला नाहीं. त्या पुरुषाचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म स्कॉटलंडमधील डन्स या गांवीं ता. ८ सप्टेंबर १८१७ रोजीं झाला. त्यांचे वडील बंधु अलेक्झांडर हेहि पुढें पाद्री व ग्रंथकार म्हणून प्रसिद्धीस आले. स्टीफन यांना लहानपणापासून किडे व दगड गोळा करण्याचा नाद होता. त्यांचें उच्च शिक्षण एडिंबरो व ग्लासगो येथें झालें. त्या काळीं एडिंबरोस डॉ. टॉमस चामर्स हे धर्मशास्त्राचे प्राध्यापक होते. सन १८४३ मध्यें सुमारें साडेचारशें पाद्री स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चमधून बाहेर पडले आणि चामर्स यांच्या नेतृत्वाखालीं फ्री चर्च स्थापन झालें. हिस्लॉप याच नव्या चर्चचे मिशनरी झाले.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. आर्चबिशप अशर यांनीं सतराव्या शतकांत हिशेब करून जगाच्या उत्पत्तीचें वर्ष ख्रिस्तपूर्व ४००४ असें ठरविलें होतें आणि पुढें इंग्रजी बायबलांच्या समासांत तें छापलेंहि जाऊं लागलें. परंतु शास्त्रावर दृढ श्रद्धा ठेवणारे सर्वच विद्वान या आंकड्याला बांधलेले नव्हते. उत्पत्तीच्या पहिल्या वचनांतील आरंभ आणि पुढील सहा दिवस यांच्यामध्यें अपरिमित काळ गेलेला असूं शकेल, असें चामर्स १८१४ पासूनच मांडीत होते. त्याच चर्चचे कैवारी ह्यू मिलर हे मूळचे पाथरवट. खडकांत सांपडलेल्या माशांवर त्यांनीं ग्रंथ लिहिले. उत्पत्तींतील प्रत्येक दिवस म्हणजे एक प्रदीर्घ युग, असा अर्थ ते लावीत. अशा वातावरणांत वाढलेल्या तरुणास पृथ्वीचें प्राचीनत्व मोठा धक्का देणारें नव्हतें.

डिसेंबर १८४४ मध्यें हिस्लॉप मुंबईस उतरले आणि १८४५ च्या आरंभीं नागपुरास पोंचले. नागपुरावर तेव्हां तिसऱ्या रघूजी भोंसल्यांचें राज्य होतें. हिस्लॉप यांनीं मराठीचा कसून अभ्यास केला व १८४६ सालीं नागपुरांत शाळा काढली. पुढील वर्षीं रेव्हरंड रॉबर्ट हंटर हे त्यांचे सहकारी म्हणून आले. शिकविणें, उपदेश करणें आणि हिंवाळ्यांत गांवोगांव फिरणें हा दोघांचा नित्यक्रम झाला. फिरतांना हातोडी जवळ असे.

सन १८५१ मध्यें नागपूरजवळ टाकळी येथें या दोघांना एक विलक्षण थर आढळला. वर काळा दगड, खालीं काळा दगड आणि मध्यें गाळाचा एक पातळ पट्टा! त्या पट्ट्यांत गोड्या पाण्यांतील गोगलगायींचे शंख, फळें, बिया आणि कीटकांच्या पंखांचीं कवचें दगड होऊन राहिलीं होतीं. विचार करा, याचा अर्थ काय? आधीं तप्त रस पसरून निवला पाहिजे. मग त्यावर तळें सांचलें पाहिजे, तळ्याकांठीं झाडें वाढून फळलीं पाहिजेत. गोगलगायींच्या पिढ्यांमागून पिढ्या जन्मून मेल्या पाहिजेत, त्यांच्यावर गाळ बसला पाहिजे आणि मग पुन्हां अग्निरसाचा लोट आला पाहिजे. हे सारें मानवी स्मृतीच्या पलीकडे, आणि एकदांच नव्हे तर अनेकदां, घडलें असलें पाहिजे.

दोघांनीं आपले निष्कर्ष लंडनच्या भूगर्भशास्त्रीय मंडळाकडे धाडले. कामठीच्या आसपासच्या वालुकाश्मांत त्यांना ग्लॉसोप्टेरिस नांवाच्या वनस्पतीचीं पानें मिळालीं. चांदा जिल्ह्यांतील मांगली येथें एका उभयचर प्राण्याची कवटी मिळाली. ती लंडनला गेली आणि रिचर्ड ओवेन या नामांकित शास्त्रज्ञानें १८५५ सालीं तिचें वर्णन करून तिला ब्रॅकिऑप्स हें नांव दिलें. तो प्राणी सुमारें २५ कोटि वर्षांपूर्वींचा होता, हें आज आपण जाणतों. वरोऱ्याजवळ पिसदुरा येथें हिस्लॉप यांना प्रचंड प्राण्यांचीं हाडें आढळलीं. तीं डायनोसॉरांचीं होतीं, हें पुढील शास्त्रज्ञांनीं ओळखलें.

नोव्हेंबर १८५९ मध्यें चार्लस् डार्विन यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सजीवांच्या जाति प्रथमपासून आहेत तशाच निर्माण झालेल्या नसून, निसर्गाच्या निवडीनें दीर्घ काळांत एकींतून दुसरी अशा उपजल्या, हें त्यांत दाखविलें होतें. विलायतेंत मोठें वादळ उठलें. मांगलीच्या कवटीचें वर्णन करणारे ओवेन हेच डार्विनच्या विरोधकांत अग्रभागीं होते. पृथ्वीचें वय वाढविणें पुष्कळ भाविकांना मान्य होतें. पण जीवांचें नातें एकमेकांशीं जोडणें आणि त्या नात्यांत मनुष्यासहि ओढणें, हें फार थोड्यांना पचलें.

हिस्लॉप यांनीं या वादावर ग्रंथ रचला नाहीं. त्यांनीं आपलें काम चालू ठेवलें आणि त्यांतच त्यांचा बाणा दिसतो. कोणता जीव कोणत्या थरांत सांपडला, वर काय होतें, खालीं काय होतें, हें त्यांनीं जसेंच्या तसें नोंदविलें. आपल्या उपदेशाला सोयीचें तेवढेंच सांगावें आणि गैरसोयीचें झांकावें, असें त्यांनीं केलें नाहीं. जे नमुने स्वतःस ओळखतां येत नसत, ते त्यांनीं त्या त्या विषयाच्या तज्ज्ञांकडे पाठविले. सृष्टि ईश्वराची असेल तर तिच्यांतील प्रत्येक दगडाचें खरें वर्णन करणें हीहि त्याचीच सेवा आहे, अशा निष्ठेनें त्यांचें सारें जीवन चाललें.

हीच वृत्ति त्यांच्या दुसऱ्या कार्यांत दिसते. गोंड लोकांत फिरून त्यांनीं त्यांच्या भाषेचे शब्द टिपले आणि लिंगो या दैवी वीराची दीर्घ गाथा लिहून घेतली. गोंड लोक कसे उपजले, गुहेंत कसे कोंडले गेले आणि लिंगोनें त्यांना कसें सोडविलें, अशी ती उत्पत्तिकथाच होय. स्वतः उत्पत्तीच्या पुस्तकावर विश्वास ठेवणाऱ्या या पाद्र्यानें परक्या जमातीची कथा आदरानें टिपली. हे लेख सर रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ सालीं प्रसिद्ध केले. पण तें पाहण्यास हिस्लॉप राहिले नव्हते.

सन १८६३ च्या सप्टेंबरांत ते टेंपल यांच्यासह नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथें प्राचीन शिळावर्तुळें पाहण्यास गेले होते. तेथून जवळच्या बोरी गांवची शाळा तपासण्यासाठीं ते एकटेच मागें राहिले. ता. ४ रोजीं सायंकाळीं घोड्यावरून परततांना वाटेंतील ओढ्यास पूर आला होता. छावणीवर घोडा आला, स्वार आला नाहीं. शोध करतां रात्रीं त्यांचा मृतदेह पाण्यांत सांपडला. वयाची शेहेचाळीस वर्षें पुरीं होण्यास चारच दिवस उरले होते.

त्यांच्या नांवें नागपुरास १८८३ पासून हिस्लॉप कॉलेज आहे. एका खनिजास हिस्लोपाइट व गोड्या पाण्यांतील एका सूक्ष्म प्राणिवर्गास हिस्लोपिया असें नांव मिळालें. त्यांचीं कांहीं अनुमानें पुढें दुरुस्त झालीं. टाकळीचा थर त्यांनीं मानला त्याहून जुना ठरला. आपल्या दक्षिणेंतील काळ्या दगडाचें वय आज सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षें मानतात. पिसदुऱ्याच्या डायनोसॉरांच्या अश्मीभूत विष्ठेंत गवताचे सूक्ष्म कण मिळाल्याचें २००५ सालीं प्रसिद्ध झालें आणि गवत डायनोसॉरांच्या काळींहि होतें, ही नवीच गोष्ट जगास कळली. जीवांच्या उत्क्रांतीविषयीं आज शास्त्रज्ञांत दुमत राहिलेलें नाहीं, आणि ती मान्य करूनहि ईश्वरास भजणारे ख्रिस्ती लोक पुष्कळ आहेत. हिस्लॉप यांच्याच चर्चचे हेन्री ड्रमंड यांनीं तीस वर्षांच्या आंतच ती उघडपणें स्वीकारली. उलट, सहा दिवसांचा अर्थ अक्षरशः धरणारेहि आहेत. या मतभेदानें पुष्कळ घरांत व मंडळ्यांत दुःखहि झालें आहे.

विद्यार्थ्यांनो, पुढच्या सहलीस लळिंगला जाल तेव्हां पायाखालचा काळा दगड जरा थांबून पाहा. तो किती जुना, याचें उत्तर खडकांकडेच मागावें लागेल. आपण कां जगावें आणि शेजाऱ्याशीं कसें वागावें, हें मात्र तो सांगणार नाहीं. तें अन्यत्र शोधावें लागेल. हिस्लॉप यांनीं एकाचें उत्तर दुसऱ्याच्या तोंडीं बळेंच घातलें नाहीं. श्रद्धावान मनुष्यानें सत्याला भिऊं नये, एवढा धडा जरी आपण त्यांच्या चरित्रापासून घेतला, तरी शाळेचे दोन्ही तास सार्थकीं लागतील.