पाश्चर आणि पन्नास शेळ्यामेंढ्या

आमच्या घरी मेंढ्या होत्या. फाशी रोगाची लस टोचताना त्यांना धरण्याचे काम माझे! म्हणून लुई पाश्चर (१८२२–१८९५) मला परके वाटत नाहीत. कातडी कमावणाऱ्याचा हा मुलगा रसायनशास्त्रज्ञ झाला. मे १८८१ मध्ये फ्रान्समधील पुयी-ल-फोर येथे त्यांनी २५ शेळ्यामेंढ्यांना दोनदा लस टोचली, २५ तशाच ठेवल्या. मग सर्वांना फाशीचे जहाल जंतू टोचले. २ जूनला लस घेतलेल्या उभ्या होत्या. लस न घेतलेल्या संध्याकाळपर्यंत मेल्या. जयजयकार झाला. पण जंतूंचा जोर हवेने मोडला, हा लोकांचा समज पाश्चरांनी तसाच राहू दिला. वास्तविक ती लस सहकारी शांबरलां यांच्या रासायनिक पद्धतीची होती. पाश्चरांच्या टिपणवह्यांतून ते पुढे उघड झाले. मेंढ्या वाचल्या, म्हणून मी पाश्चरांना हात जोडतो. शांबरलांचे नाव मात्र विसरत नाही.