नांगरामागून आलेलं गाव

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या रेल्वेत बसलात, तर कऱ्हाड सोडल्यावर काही वेळाने किर्लोस्करवाडी स्टेशन लागतं. मोबाइलमधून मान वर करेपर्यंत मागंही पडतं. १९१० पूर्वी या नावाचं काही अस्तित्वातच नव्हतं. स्टेशन होतं, पण ते कुंडल रोड. आजूबाजूला निवडुंग, दगड आणि साप.

मित्रांनो, तुमच्यातले कितीतरी जण सध्या जर्मन भाषेच्या क्लासला जाताहेत. जर्मनी, इटलीत जन्मापेक्षा मृत्यू जास्त होतात, म्हातारी माणसं वाढलीत, कारखान्यांना आणि दवाखान्यांना हात कमी पडताहेत. म्हणूनच २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल तरुण पाठवण्याचा करार केला. काम जिथे, तिथे माणूस जाणार, हे आपण गृहीतच धरलंय. पण उलटंही होऊ शकतं. माणसं जिथे आहेत तिथे काम नेता येतं. हे आपल्याच भागात करून दाखवणारे गृहस्थ म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर.

जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील वेदान्ती पंडित. मुलाला मात्र चित्रं काढायची होती, म्हणून तो मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. तिथे कळलं की त्याला काही रंग नीट ओळखू येत नाहीत! चित्रकाराला याहून मोठा धक्का कोणता? तुम्ही असता तर घरी परत गेला असता, की ब्रँच बदलली असती? लक्ष्मणरावांनी ब्रँच बदलली. यंत्रांची रेखाचित्रं शिकले आणि व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला जागा दिली गेली. त्यांनी सरळ राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं.

बेळगावात भावासोबत सायकलींचं दुकान होतंच. त्यातून कडबा कापायचं यंत्र आणि मग लोखंडी नांगर. नांगर उत्तम, पण घेणार कोण? लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा पक्का समज. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. हरळी मुळापासून उपटून निघते हे शेजारच्या रानात डोळ्यांनी पाहिल्यावर मात्र मागणी वाढली. जरा धंदा बसतोय तोच नगरपालिकेला वस्तीवाढीसाठी जागा हवी झाली आणि कारखाना हलवण्याची वेळ आली.

इथे औंध संस्थान मदतीला आलं. लक्ष्मणराव औंधला बांधकामाचं काम करत होते, त्यातून राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधींशी ओळख झालेली. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजारांचं बिनव्याजी कर्ज दिलं. १९१० च्या मार्चमध्ये पंचवीसेक कामगार आपापली कुटुंबं घेऊन त्या माळावर उतरले.

नीट विचार करा. युरोपात कारखानदारी आली तेव्हा खेडी रिकामी होऊन माणसं मँचेस्टरसारख्या शहरांत कोंबली गेली. आपल्याकडे तेच मुंबईत झालं. साताऱ्याच्या घराघरातला एक गडी गिरणीत, बायको-पोरं गावी, महिन्याला मनीऑर्डर. लक्ष्मणरावांनी कारखान्याबरोबर घरंही बांधली. थोरले भाऊ रामूअण्णांनी वस्तीची आखणी अंगावर घेतली. जांभेकर, फळणीकर, रेगे, कुलकर्णी ही मंडळी जमली. फळणीकरांचं तर शिक्षणही धड झालेलं नव्हतं, पण यंत्राचं अंग असं की विचारू नका. रात्रीच्या पहाऱ्याला चक्क शिक्षा भोगून आलेले रामोशी नेमले! वस्तीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा दंडक. आज यात काय विशेष वाटणार नाही. त्या काळच्या एखाद्या गावगाड्यात डोकावून बघा, मग वाटेल.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले. त्याच रेल्वेमार्गावर कऱ्हाडजवळ ओगल्यांचा काचकारखाना उभा राहिला आणि तिथून ‘प्रभाकर’ कंदील घरोघर गेला. सातारा रोडला कूपरांचा कारखाना निघाला. किर्लोस्करांचे नांगर गावोगाव विकत फिरणारा एक तरुण तर पुढे कर्मवीर भाऊराव पाटील झाला. तुमच्यातले अनेक जण त्यांच्याच ‘रयत’च्या कॉलेजात शिकत असाल.

आता एवढं कौतुक केल्यावर पुढचं सांगायलाच हवं. १९४० नंतर किर्लोस्करांची वाढ झाली ती हरिहरला, बेंगळुरूला, पुण्याला. मोठा कच्चा माल, मोठी बाजारपेठ, वीज या गोष्टी माळावर किती आणणार? लक्ष्मणराव १९५६ मध्ये गेले. वाडीत सुरू झालेलं ‘किर्लोस्कर’ मासिकही पुढे पुण्याला गेलं. आणि आपली माणसं? वाडीपासून फार लांब नसलेल्या खानापूर-आटपाडीचे लोक दुष्काळाला कंटाळून सोनं-चांदी गाळायला देशभर पांगले. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली, सांगलीची ९, साताऱ्याची जेमतेम ७. घरात पोरं कमी झालीत हे एक कारण, आणि मोठी झालेली पोरं बाहेर पडतात हे दुसरं. माण-खटावच्या एखाद्या गावात पारावर बसलेल्यांची वयं मोजा. युरोप बघायला विमानात बसायची गरज नाही.

जर्मनीला जाऊ नका, असं मी अजिबात म्हणणार नाही. लक्ष्मणरावांनी स्वतःचा मुलगा शंतनुराव याला शिकायला अमेरिकेत एमआयटीला धाडलंच होतं. १९२६ मध्ये पदवी घेऊन तो परत आला तो थेट वाडीच्या कारखान्यात. मोठेपणी धंदा बाहेर नेण्यात त्याचाच मोठा वाटा होता, ही गंमत वेगळी. वाडीचा कारखाना मात्र हलला नाही. तिथे आजही पंप तयार होतात आणि आसपासच्या गावांतली माणसं कामाला येतात.