धारच्या विद्यापतींचे वंशज : भास्कराचार्य

श्रीगणेशाच्या उत्सवात आपण गणितज्ञांचे स्मरण क्वचितच करतो. भास्कराचार्यांनी मात्र ‘लीलावती’चा आरंभ गजाननाला वंदन करूनच केला आहे. शिवाय त्यांच्या घराण्याचे नाते आपल्या धारशी आहे. त्यांचे पूर्वज भास्करभट्ट यांना धारच्या भोजराजाने ‘विद्यापती’ ही पदवी दिली होती.

याच कुळात पाच पिढ्यांनंतर, शके 1036 म्हणजे इ.स. 1114 मध्ये, भास्कराचार्य जन्मले. सह्याद्रीच्या परिसरातील विज्जडविड हे त्यांचे गाव. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे त्याचे चार भाग आहेत.

आज आपली मुले ‘क्ष’ आणि ‘य’ लिहितात. भास्कराचार्य अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हणत आणि ‘या’ एवढेच लिहीत. पुढच्या अज्ञात राशींना कालक, नीलक अशी रंगांची नावे होती. सुट्या संख्येला ‘रू’, म्हणजे रूप. गुणाकाराची रीत आजचीच : एका राशीच्या प्रत्येक पदाने दुसरीचे प्रत्येक पद गुणायचे आणि सजातीय पदे एकत्र करायची. ‘या 3 रू 2’ ला ‘या 4 रू 5’ ने गुणले, तर ‘या’चे वर्ग 12, ‘या’ 23 आणि रूपे 10 येतात. दोन वेगळ्या अज्ञात राशींच्या गुणाकाराला त्यांच्याकडे ‘भावित’ हे नाव होते.

लीलावतीत ‘विलोमविधी’ आहे. एखाद्या संख्येला 3 ने गुणले, 5 मिळवले आणि वर्ग केला, तर 400 आले. मूळ संख्या कोणती? शेवटच्या क्रियेपासून उलटे यावे. वर्गमूळ 20, त्यातून 5 वजा करून 15, त्याला 3 ने भागून 5. क्रियांचा क्रम चुकला की उत्तर चुकते.

वयाच्या 69व्या वर्षी, 1183 मध्ये, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिला.

त्यांचे नातू चांगदेव हे यादवराजा सिंघणाचे ज्योतिषी होते. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांनी चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापन केला. 1207 च्या तेथील शिलालेखात या मठाला दिलेली दाने नोंदलेली आहेत. लेखाचा शेवटचा भाग मराठीत आहे. गावातल्या प्रत्येक तेलघाण्यामागे पळीभर तेल मठाला द्यावे, असे त्यात ठरवून दिले आहे.

आपल्या गावातही आठवी-नववीची अनेक मुले बीजगणिताच्या धास्तीने पुढची वाट बदलतात. आपल्यापैकी ज्यांना गणित येते, त्यांनी आठवड्याला एक तास या मुलांना द्यावा, असे आम्हांला वाटते. पाटणकरांनी पळीभर तेल दिले. आपल्याकडून एवढे व्हायला हरकत नाही.