नाथांच्या कावडीतले पाणी

छत्रपती संभाजीनगर : फाल्गुन वद्य षष्ठी जवळ आली की पैठणकडे जाणाऱ्या वाटा दिंड्यांनी फुलून जातात. शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर, गोदावरीच्या काठी, संत एकनाथांनी इ. स. १५९९ मध्ये याच तिथीला देह ठेवला. नाथांच्या ग्रंथांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मुक्या जिवाशी त्यांनी जोडलेले नाते मात्र आजही नव्याने समजून घ्यावे असे आहे.

नाथांचा जन्म इ. स. १५३३ च्या सुमाराचा. विठ्ठलमूर्ती विजयनगरहून पंढरीस परत आणल्याची ख्याती असलेले भानुदास हे त्यांचे पणजोबा. आईवडिलांचे छत्र बालपणीच हरपल्याने आजोबा चक्रपाणी यांनी त्यांचा सांभाळ केला. लहान वयातच ते गुरूच्या शोधात देवगिरीस, म्हणजे दौलताबादला पोहोचले. तेथील किल्लेदार जनार्दनस्वामी यांच्या सेवेत हिशेबातील एका पैची चूक शोधण्यासाठी त्यांनी रात्र जागून काढल्याची कथा मराठवाड्यात घरोघरी सांगितली जाते. पुढे तीर्थयात्रा करून ते पैठणला परतले आणि गिरिजाबाईंसह संसारात रमले.

इ. स. १५७३ मध्ये काशी येथे त्यांचे ‘एकनाथी भागवत’ पूर्ण झाले. भागवताच्या अकराव्या स्कंधावरील या टीकेत अवधूताच्या चोवीस गुरूंचे आख्यान येते. त्यात पिलांच्या मायेने पारध्याच्या जाळ्यात झेप घेणारा कपोत आहे, हत्तिणीच्या मोहाने खड्ड्यात कोसळणारा गज आहे, गाण्याला भुललेले हरीण आणि गळाला लागलेला मासाही आहे. अडकलेल्या या प्राण्यांकडून माणसाने विरक्तीचा धडा घ्यावा, हा आख्यानाचा हेतू. ते संस्कृतातील तत्त्वज्ञान नाथांनी शेतकऱ्या-कष्टकऱ्यांना कळेल अशा ओवीत आणले.

ग्रंथात प्राणी दृष्टांत म्हणून येतात. प्रत्यक्ष वाटेवर जीव तडफडत असेल तर काय करावे, याचे उत्तर नाथचरित्रातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंगात मिळते. काशीची गंगा कावडीत भरून रामेश्वरास अभिषेकासाठी नेण्याची प्रथा होती. महिन्यामहिन्यांची ती पायपीट. परंपरा सांगते की, तापलेल्या वाळवंटात तहानेने व्याकूळ झालेले एक गाढव नाथांच्या दृष्टीस पडले. गाढव हे तर समाजाने हिणवलेले जनावर. बरोबरचे यात्रेकरू हळहळले. परंतु देवासाठी आणलेले पाणी द्यावे कसे, या विचाराने थबकले. नाथांनी कावड उतरवली आणि ते पाणी गाढवाच्या मुखी घातले. ते जनावर उठून उभे राहिले. रामेश्वराची पूजा तेथेच पोहोचली, अशी नाथांची श्रद्धा होती. त्या गाढवाकडून त्यांनी कोणताही धडा घेतला नाही. त्याला फक्त पाणी पाजले.

हीच करुणा माणसांच्या बाबतीतही दिसते. गोदावरीच्या तापल्या वाळूत चुकलेले अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मूल त्यांनी कडेवर घेऊन घरी पोहोचवले, श्राद्धाचे अन्न भुकेल्यांना वाढले, असे चरित्रकार सांगतात. त्यासाठी त्यांना स्वकीयांचा रोषही पत्करावा लागला. करुणेची किंमत मोजावी लागते, हे त्यांना ठाऊक होते.

आज गावोगावी कठडा नसलेल्या विहिरीत कधी बिबट्या पडतो, कधी गाय. वनविभागाचे कर्मचारी दोरखंडाला बाज बांधून खाली सोडतात. गावकऱ्यांचे हात दोरीला लागतात. संक्रांतीच्या दिवसांत नायलॉन मांजात गुरफटलेल्या पक्ष्यांना पक्षिमित्र सोडवतात. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० मध्ये आला, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये. मात्र दोरी ओढणाऱ्या हातांना कायद्याआधी काहीतरी शिकवून गेलेले असते.

पैठणजवळच्या जायकवाडी जलाशयाला नाथसागर म्हणतात. १९८६ पासून हा परिसर पक्षी अभयारण्य आहे. दर हिवाळ्यात दूरदेशीचे हजारो पाहुणे पक्षी तेथे उतरतात आणि नाथांच्या नावाच्या पाण्यावर आपली तहान भागवतात.