सी.के. नायडू
कर्नल कोट्टारी कनकय्या नायडू (३१ ऑक्टोबर, १८९५:नागपूर – १४ नोव्हेंबर, १९६७:इंदूर) हे भारताच्या कसोटी क्रिकेट संघाचे पहिले कर्णधार होते. १९२६मध्ये मुंबईत हिंदू संघाकडून एमसीसीविरुद्ध त्यांनी ११ षटकारांसह १५३ धावा केल्या. १९३२मध्ये लॉर्ड्सवरील भारताच्या पहिल्या कसोटीत त्यांनी नेतृत्व केले.

इंदूर संस्थानाच्या आश्रयावरील होळकर संघ त्यांच्या नेतृत्वाखाली नऊ हंगामांत आठ वेळा रणजी करंडकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ व १९५२-५३ या हंगामांत तो विजेता ठरला. अखेरच्या विजेतेपदावेळी नायडू ५७ वर्षांचे होते. संस्थानाच्या विलीनीकरणानंतर राजाश्रय संपला आणि १९५४-५५ हा होळकर संघाचा शेवटचा हंगाम ठरला. १९५६मध्ये नायडूंना पद्मभूषण पुरस्कार मिळाला.