लघुलहरींकडे वळलेला मार्कोनी

नकाशावर खमीस मुशैत आणि पुणे यांच्यामध्ये पट्टी ठेवली, तर ती अक्षवृत्ताला जवळजवळ समांतर राहते. असीरच्या डोंगररांगांतील हे शहर सुमारे १८.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि पुणे साडेअठरा अंशांवर. दोहोंमधील हवाई अंतर साधारण ३,३०० किलोमीटर. इंटरनेट आणि उपग्रह यांचे साहाय्य न घेता, केवळ गच्चीवर ताणलेल्या तारेच्या बळावर हे अंतर ओलांडून गावाकडच्या माणसाशी बोलावे, ही ओढ हौशी रेडिओच्या छंदाकडे वळणाऱ्या परदेशस्थ मराठी माणसाला कधी ना कधी लागतेच. मग पहिला प्रश्न पडतो तो संचाचा. ट्रान्सीव्हर कोणता घ्यावा? शंभर वॅटचा पुरेल, की अधिक शक्तीचा हवा?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात गुल्येल्मो मार्कोनी या माणसाच्या आयुष्याची वीस-बावीस वर्षे गेली. त्या वर्षांत त्याने अफाट शक्तीची केंद्रे उभारली, त्यांत आपल्या कंपनीचे भांडवल ओतले आणि अखेर पन्नाशीच्या उंबरठ्यावर तो मार्ग सोडून दिला. त्या बदललेल्या वाटेचे एक टोक पुण्याजवळच्या खडकीला आणि दौंडला येऊन पोहोचले. म्हणून रेडिओ संच विकत घेण्यापूर्वी मार्कोनीचे चरित्र वाचणे हा केवळ इतिहासाचा विरंगुळा ठरत नाही.

मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या येथे झाला. वडील ज्युसेप्पे हे सधन जमीनदार. आई ॲनी जेमसन ही आयर्लंडमधील विख्यात मद्यव्यावसायिक घराण्यातील. विद्यापीठाची रीतसर पदवी त्याने घेतली नाही. हाइनरिख हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने विद्युतचुंबकीय लहरींचे अस्तित्व सिद्ध केले होते. या लहरींवरून संदेश पाठवता येतील का, या एका विचाराने विशीतला मार्कोनी पछाडला. पोन्तेक्कियो येथील व्हिला ग्रिफोने या घरच्या वास्तूत, माळ्यावर त्याने प्रयोग सुरू केले. प्रक्षेपकाचे एक टोक जमिनीत पुरायचे आणि दुसरे तारेने उंच चढवायचे, ही युक्ती त्याला सापडली आणि पल्ला झपाट्याने वाढला. १८९५ मध्ये सुमारे अडीच किलोमीटरवर, टेकडीच्या पलीकडे संदेश पोहोचला. तो मिळाल्याची खूण म्हणून पलीकडून बंदुकीचा बार काढण्यात आला, असे सांगितले जाते.

१८९६ मध्ये तो आईबरोबर इंग्लंडला गेला, बिनतारी तारायंत्राचे पेटंट मिळवण्यासाठी त्याने अर्ज केला आणि पुढच्याच वर्षी आपली कंपनी स्थापन केली. आईच्या माहेरच्या माणसांची ओळख आणि पैसा दोन्ही कामी आले. १८९९ मध्ये इंग्लिश खाडी ओलांडून संदेश गेला. १९०० मध्ये एकाच वेळी अनेक केंद्रे परस्परांच्या कामात न अडखळता चालावीत यासाठीच्या मेळजुळणीचे, ७७७७ या क्रमांकाने प्रसिद्ध झालेले पेटंट त्याला मिळाले.

१२ डिसेंबर १९०१ या दिवसाने मार्कोनीला जगप्रसिद्ध केले. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकावरील पोल्डू येथून इंग्रजी एस या अक्षराचे तीन ठिपके सतत पाठवले जात होते. अटलांटिकच्या पलीकडे, न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथे वादळी वाऱ्यात पतंगाच्या आधाराने तार उंच चढवून मार्कोनी कानाशी श्रवणयंत्र लावून बसला होता. ते ठिपके आपण ऐकल्याचे त्याने जाहीर केले. अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर होते, म्हणजे खमीस मुशैतहून पुण्यापर्यंतच्या अंतरापेक्षा थोडेसेच अधिक. त्या दिवशी त्याने खरोखर काय ऐकले याविषयी अभ्यासकांमध्ये आजही मतभेद आहेत, कारण वेळ दुपारची होती आणि त्या तरंगलांबीला दिवसा इतका पल्ला मिळणे अवघड असते. त्या प्रयोगात वापरलेल्या पाऱ्याच्या संवेदकाचे मूळ कल्पक जगदीशचंद्र बोस होते आणि त्यांनी तशा रचनेचे वर्णन १८९९ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले होते, हेही आता पुष्कळांना ठाऊक आहे. मार्कोनीच्या चरित्रात बोसांचे हे ऋण नोंदवल्यावाचून पुढे जाता येत नाही.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९०२ मध्ये, फिलाडेल्फिया या जहाजावरून अमेरिकेस जाताना त्याने साक्षीदारांसमक्ष नोंदी ठेवल्या. दिवसा पोल्डूचे संकेत सुमारे अकराशे किलोमीटरपर्यंतच मिळत. रात्री तेच संकेत तीन हजार किलोमीटरच्या पुढे ऐकू येत. सूर्यप्रकाश लहरींना मारतो, एवढे दिसले. का मारतो, हे कोणालाच समजेना. त्याच वर्षी केनेली आणि हेव्हिसाइड या दोघांनी स्वतंत्रपणे असे सुचवले की, वातावरणाच्या उंच भागात विद्युतवाहक थर असावा आणि लहरी त्यावरून परत फिरत असाव्यात. आज आपण त्या प्रदेशाला आयनांबर म्हणतो. परंतु त्या थराची प्रत्यक्ष सिद्धता व्हायला आणखी दोन तपे लागणार होती.

दिवसाच्या अडथळ्यावर मार्कोनीने शोधलेला उपाय त्या काळाला धरून होता: तरंगलांबी वाढवा आणि शक्ती वाढवा. १९०७ मध्ये आयर्लंडमधील क्लिफ्डेन आणि कॅनडातील ग्लेस बे यांच्यामध्ये व्यापारी सेवा सुरू झाली, ती हजारो मीटर तरंगलांबीवर. क्लिफ्डेनच्या वीजगृहात माळरानावरचे पीट जाळले जाई आणि ते वाहून आणण्यासाठी छोटी रेल्वे घातली होती. १९०९ मध्ये मार्कोनीला कार्ल फर्डिनांड ब्राउन याच्यासमवेत भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली तेव्हा मार्कोनी कंपनीच्या यंत्रावरून गेलेल्या हाकेमुळे सातशेहून अधिक माणसे वाचली आणि त्याची कीर्ती शिगेला पोहोचली. त्याच वर्षी इटलीत मोटारीच्या अपघातात त्याने उजवा डोळा गमावला. त्याच वर्षी ब्रिटिश साम्राज्यभर बिनतारी केंद्रांची साखळी उभारण्याच्या कंत्राटावरून इंग्लंडमध्ये मोठे राजकीय वादळ उठले. मंत्र्यांनी कंपनीच्या अमेरिकी शाखेचे समभाग घेतल्याचे उघड झाले.

१९१२ हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात ठेवावे. अमेरिकेने रेडिओविषयक कायदा करून हौशी मंडळींना दोनशे मीटर व त्याहून लहान लहरी देऊन टाकल्या. मोठ्या पल्ल्यासाठी त्या निरुपयोगी आहेत, अशीच तज्ज्ञांची समजूत होती. जाणत्यांना नको असलेला तो पट्टा विद्यार्थी, दुकानदार आणि छांदिष्ट लोकांच्या हाती आला. महायुद्ध संपल्यावर निर्वात नळ्या स्वस्त झाल्या आणि हौशी लोकांनी या लहरींवर अंतरे मोजायला सुरुवात केली. डिसेंबर १९२१ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर तंबू ठोकून बसलेल्या पॉल गॉडली याने अमेरिकेतील हौशी केंद्रे ऐकली. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधील नीसचा लेओन देलुआ आणि अमेरिकेतील फ्रेड श्नेल यांनी शंभर मीटरच्या आसपास अटलांटिकपार दुतर्फा संवाद साधला. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी लंडनच्या मिल हिल शाळेतील अठरा वर्षांच्या सेसिल गॉयडरने न्यूझीलंडच्या फ्रँक बेलशी संपर्क केला. पृथ्वीवर याहून फार मोठे अंतर उरतच नाही. हाच गॉयडर पुढे १९३६ मध्ये भारतात आला आणि ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता झाला. देशाच्या विस्तारासाठी त्याने आखलेल्या जाळ्यात लघुलहरींना महत्त्वाचे स्थान होते, यात नवल नाही.

मार्कोनी या घडामोडींपासून दूर नव्हता. १९१६ मध्येच, युद्धकाळात, सी. एस. फ्रँकलिन या आपल्या अभियंत्याबरोबर त्याने इटलीत दोन-तीन मीटरच्या लहरी परावर्तकाने एका दिशेस वळवण्याचे प्रयोग केले होते. १९१९ मध्ये त्याने इलेट्रा ही नौका विकत घेतली आणि तिच्यावर प्रयोगशाळा थाटली. १९२३ च्या वसंतात इलेट्रा आफ्रिकेच्या किनाऱ्यापलीकडे केप व्हर्दे बेटांपर्यंत गेली. पोल्डूहून ९७ मीटरवर येणारे संकेत रात्री इतके स्पष्ट होते की, पोल्डूची शक्ती एका किलोवॅटपर्यंत उतरवल्यावरही ते शेकडो किलोवॅटच्या दीर्घलहरी केंद्रांपेक्षा जोरकस येत होते. प्रश्न उरला दिवसाचा. सप्टेंबर १९२४ मध्ये भूमध्य समुद्रातील बैरूतच्या बंदरात त्याचे उत्तर मिळाले. ९२ मीटरची लहर दिवसा नाहीशी होई; परंतु ३२ मीटरची लहर सुमारे ३,८०० किलोमीटरवरून भरदुपारीही येत राहिली. बावीस वर्षांपूर्वी फिलाडेल्फिया जहाजावर पडलेले कोडे सुटले होते. दिवसाच्या अडथळ्यावर उपाय लहर लांब करणे हा नव्हता. ती आखूड करणे हा होता.

त्याचे कारण आज शाळेच्या पुस्तकांत सापडते. दिवसा आयनांबराच्या खालच्या थरात लांब लहरींची ऊर्जा शोषली जाते. आखूड लहरी त्या थरातून फारशा न झिजता वर जातात आणि दोनशे ते चारशे किलोमीटर उंचीवरच्या थरावरून पृथ्वीकडे परततात. परंतु १९२४ मध्ये निर्णय घ्यायचा होता तो सिद्धान्ताच्या आधाराविना. मार्कोनीची कंपनी वसाहतींसाठी दीर्घलहरींची प्रचंड केंद्रे बांधण्याच्या करारांत गुंतली होती. आपण वीस वर्षे सांगितले ते आता जुने झाले, असे आपल्याच ग्राहकांना सांगणे हा पत आणि पैसा दोन्ही पणाला लावणारा प्रकार होता. जुलै १९२४ मध्ये ब्रिटिश टपाल खात्याशी करार झाला. त्यानुसार लघुलहरी एका दिशेस केंद्रित करून पाठवणारी केंद्रे उभारायची होती आणि मोबदला ठरलेल्या कसोटीवर अवलंबून होता. कसोटी मिनिटाला शंभर शब्दांची होती. फ्रँकलिनने त्यासाठी तारांची भिंतच रचावी तशी ॲन्टेना योजली, जी सारी शक्ती हव्या त्या दिशेच्या अरुंद झोतात ओतत असे.

ऑक्टोबर १९२६ मध्ये कॅनडा जोडला गेला, एप्रिल १९२७ मध्ये ऑस्ट्रेलिया, जुलैमध्ये दक्षिण आफ्रिका आणि ६ सप्टेंबर १९२७ रोजी भारत. भारताकडील प्रक्षेपण केंद्र खडकीला होते आणि ग्रहण केंद्र दौंडला. दोन्ही कामे एकाच जागी केली तर शेजारच्या बलवान प्रक्षेपकाच्या गोंगाटात दूरचा क्षीण संकेत बुडून जातो, म्हणून ही फारकत. ही सेवा इतकी स्वस्त आणि वेगवान ठरली की समुद्राखालच्या तारांचा धंदा धोक्यात आला आणि १९२९ मध्ये तारांच्या व बिनतारी कंपन्यांचे एकत्रीकरण करावे लागले. भारतातील ही व्यवस्था १९४७ मध्ये सरकारने ताब्यात घेतली.

मार्कोनीच्या उत्तरायुष्याला काळी बाजू आहे. १९२३ मध्ये तो फॅसिस्ट पक्षात सामील झाला, १९३० मध्ये मुसोलिनीने त्याला इटलीच्या शाही अकादमीचे अध्यक्षपद दिले आणि ॲबिसिनियावरील आक्रमणाचे त्याने जाहीर समर्थन केले. १९३१ मध्ये व्हॅटिकनचे नभोवाणी केंद्र त्याने उभारून दिले. २० जुलै १९३७ रोजी रोम येथे हृदयविकाराने त्याचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी ब्रिटनमधील बिनतारी केंद्रांनी दोन मिनिटे प्रक्षेपण थांबवले.

आता पुन्हा संचाकडे. खमीस मुशैत आणि पुणे यांच्या घड्याळांत अडीच तासांचा फरक आहे, म्हणजे दिवसाचा बराच भाग दोन्हीकडे एकाच वेळी ऊन असते. अशा वेळी १५ किंवा २० मीटरचा पट्टा कामाचा आणि अंधार पडल्यावर ४० मीटरचा. म्हणून संच निदान या तिन्ही पट्ट्यांवर चालणारा हवा. शंभर वॅट शक्ती या अंतराला पुरते. ती चौपट करून चारशे वॅट केली, तर पलीकडच्या माणसाच्या संकेतमापकावर केवळ एका अंशाची वाढ दिसते, आणि त्यासाठी संचाइतक्याच किमतीचा प्रवर्धक घ्यावा लागतो. तोच पैसा आधी ॲन्टेनावर खर्चावा. २० मीटरसाठी दहा मीटर लांबीची तार उत्तर-दक्षिण ताणून जमिनीपासून दहा मीटर उंच नेली, की तिचा जोर आपोआप पूर्व-पश्चिम पडतो; पुण्याची दिशा इथून पूर्वेला, किंचित उत्तरेकडे झुकलेली आहे.

आयकॉम, येसू, केनवुड यांपैकी कोणाचाही संच पाहताना शक्तीच्या आकड्यापूर्वी त्याचा ग्राहक भाग तपासावा. शेजारी बलवान केंद्र असताना तो क्षीण आवाज वेगळा काढतो का? त्याच्या गाळण्या किती अरुंद करता येतात? घरातील एलईडी दिवे आणि चार्जर यांचा गोंगाट दाबण्याची सोय कशी आहे? दौंड आणि खडकी वेगळे ठेवण्यामागे जो विचार होता, तोच इथेही लागू पडतो. तेरा-चौदा व्होल्टचा, वीस-पंचवीस अँपिअर देणारा वीजपुरवठा वेगळा घ्यावा लागेल, तोही अंदाजपत्रकात धरावा.

सौदी अरेबियात प्रक्षेपणासाठी दूरसंचार, अवकाश व तंत्रज्ञान आयोगाचा परवाना लागतो आणि पुण्यातल्या मित्राकडे भारत सरकारचा परवाना असावा लागतो. तो हातात येण्यापूर्वी संच मागवू नये. तोपर्यंत एखादा साधा लघुलहरी ग्राहक घेऊन संध्याकाळी गच्चीवर बसावे आणि सूर्य मावळताना कोणता पट्टा मावळतो व कोणता उजळतो याची वहीत नोंद ठेवावी. फिलाडेल्फिया जहाजावर मार्कोनीने हेच केले होते. अशी महिनाभराची वही हाती असली, की कोणता संच घ्यावा हे दुकानदाराला विचारावे लागत नाही.